नळ आणि धरण : वसईच्या प्रतिनिधित्वाचा इतिहास

‘प्रतिनिधी’ हा शब्द मराठीत लोकशाहीच्या पुष्कळ आधी रुजला. छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीच्या मुक्कामी प्रल्हाद निराजींना हे पद दिले, तेव्हा प्रतिनिधी म्हणजे राजाच्या जागी उभा राहून प्रजेला राजाज्ञा ऐकवणारा माणूस. पुढे औंधच्या घराण्याने तो शब्द आडनावासारखा वागवला. आज आपण तोच शब्द नेमका उलट्या दिशेने वापरतो. प्रजेच्या जागी उभा राहून राज्याला प्रजेचे म्हणणे ऐकवणारा, तो प्रतिनिधी. शब्दाने कूस बदलली, ती बदलताना फारसा आवाज झाला नाही.

वरवर पाहता हा प्रवास १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पूर्ण झाला. परंतु प्रतिनिधी कोणाचा, हा प्रश्न त्याने सुटला नाही. लोकसभेचा सभासद ‘लोकांचा’ असतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो एका रेषेच्या आत राहणाऱ्या लोकांचा असतो, आणि ती रेषा त्या लोकांनी आखलेली नसते. रेषा थोडी सरकली की कालचा शेजारी परका होतो आणि कालचा परका सहप्रवासी. निवडणुकांचा इतिहास लिहिताना आपण उमेदवार, पक्ष आणि मताधिक्य यांची नोंद आवर्जून करतो. रेषेची नोंद बहुधा परिशिष्टात जाते. प्रस्तुत लेखात आम्ही परिशिष्ट आधी वाचणार आहोत. निमित्त आहे वसईचे.

वसई हे नाव इतिहासाच्या पुस्तकात दोनदा ठळक येते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला तेव्हा, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तेव्हा. पहिल्या प्रसंगात वसई जिंकली गेली, दुसऱ्यात तिच्या नावाने पेशवाईचे स्वातंत्र्य लिहून दिले गेले. दोन्ही वेळा वसईच्या रहिवाशांचे मत कोणी विचारले नव्हते. त्या काळी ते विचारण्याची रीतही नव्हती. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरार ते मुंबई अशी आगगाडी सुरू झाली आणि तालुक्याच्या मधोमध एक लोखंडी रेघ उमटली. रेघेच्या पश्चिमेला केळीच्या बागा, पानवेली, फुलांच्या वाड्या, मिठागरे, कोळीवाडे. सामवेदी, वाडवळ, कुपारी, भंडारी, मांगेला अशा समाजांची आणि त्यांच्या बोलींची दाटी. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर आणि त्याच्या कुशीतले वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे. म्हणजे ‘वसई’ हा एक शब्द आरंभापासूनच दोन मुलखांना मिळून वापरला जात होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या प्रत्येक नकाशाने यांपैकी एक वसई पाहिली आणि दुसरी झाकली.

दोन मतांचा मतदार

१९५२ मध्ये वसई ठाणे या लोकसभा मतदारसंघात होती आणि हा मतदारसंघ द्विसदस्य होता. आजच्या विद्यार्थ्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागते. एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडले जात. एक जागा राखीव, दुसरी सर्वांसाठी खुली. प्रत्येक मतदाराला दोन मते असत. मात्र ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. वसईच्या वाडीतला बागायतदार आणि डोंगरातला वारली, दोघेही दोन्ही खासदार निवडण्यात सहभागी होत.

त्या पहिल्या निवडणुकीत ठाण्यातून काँग्रेसचे गोविंद धर्माजी वर्तक आणि अनंत सावळाराम नांदकर लोकसभेत गेले. वर्तक म्हणजे अण्णासाहेब वर्तक. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९४६ मध्ये बनलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे स्थानिक स्वराज्य खाते होते. वसईतील महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. स्वातंत्र्यलढ्यातून आलेला, तालुक्यात पाळेमुळे असलेला, शिक्षणसंस्था आणि सहकार यांच्या भाषेत बोलणारा जो काँग्रेसनेता त्या काळी महाराष्ट्रात जागोजागी दिसतो, त्याचे वसईतले रूप म्हणजे वर्तक.

१९५७ मध्ये वारे फिरले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ठाण्यातून कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर निवडून आले, आणि त्यांच्याबरोबर लक्ष्मण महादू मातेरा. शामरावांचा मार्ग मोठा विलक्षण होता. भारत सेवक समाजातून सार्वजनिक कार्यात आलेले शामराव पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे मुंबई विधानसभेतले सभासद झाले आणि तेथून किसान सभेच्या कामात उतरले. १९४५ च्या वारली उठावात गोदावरी परुळेकरांसह त्यांनी वेठ आणि लग्नगडी या दोन प्रथांविरुद्ध जो लढा उभा केला, तो ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या गोदावरीबाईंच्या पुस्तकामुळे मराठी वाचकांना परिचित आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी पिढ्यान्पिढ्या राबायचे, ही लग्नगड्याची रीत. ती मोडणारा माणूस बारा वर्षांनी वसईच्या बागायतदारांचाही खासदार झाला, हे द्विसदस्य मतदारसंघाचे एक अनपेक्षित फळ होते. समुद्र आणि डोंगर यांना एकाच मतपत्रिकेवर एकमेकांकडे पाहावे लागत होते.

ही व्यवस्था फार टिकली नाही. १९५७ मध्येच आंध्रातील पार्वतीपुरम् या द्विसदस्य मतदारसंघात दोन्ही जागांवर अनुसूचित जमातींचे उमेदवार निवडून आले आणि व्ही. व्ही. गिरींसारखा बडा नेता पराभूत झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आदिवासी उमेदवाराला खुल्या जागेवरही निवडून येण्याचा अधिकार आहे, असाच निर्णय झाला. त्यानंतर थोड्याच काळात, १९६१ च्या कायद्याने, द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. राखीव जागा स्वतंत्र झाल्या. कारणे प्रशासकीय सांगितली गेली आणि ती अगदीच खोटी नव्हती. मतदारसंघ अवाढव्य होते, मतदाराचा गोंधळ उडे. परंतु परिणाम असा झाला की डोंगराचा खासदार आणि किनाऱ्याचा खासदार यांची नावे आता वेगवेगळ्या यादीत लिहिली जाऊ लागली.

डोंगराची यादी

ती डोंगराची यादी डहाणू या नावाने सुरू होते. १९६७ मध्ये डहाणूतून काँग्रेसचे यशवंतराव मार्तंडराव मुकणे निवडून आले. ते जव्हार संस्थानचे शेवटचे राजे. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६२ मध्ये भिवंडीतून ते प्रथम लोकसभेत गेले. जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळी. त्यामुळे अनुसूचित जमातींचा प्रतिनिधी आणि राजा ही दोन बिरुदे एकाच माणसाच्या नावापुढे लागली. लेखाच्या आरंभी ‘प्रतिनिधी’ शब्दाच्या ज्या दोन दिशा सांगितल्या, त्या मुकण्यांच्या आयुष्यात अशा समोरासमोर येतात. तरुणपणी ते प्रजेपुढे राज्य होते, उत्तरायुष्यात राज्यापुढे प्रजा.

१९७१ मध्ये लक्ष्मण काकड्या दुमाडा काँग्रेसतर्फे निवडून आले. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू शिडवा कोम. कोम तलासरी भागातले. वारली उठावाच्या भूमीतून, लाल बावट्याखाली घडलेला तेथलाच आदिवासी कार्यकर्ता दिल्लीला गेला, याचे महत्त्व आकड्यांत मोजता येणार नाही. १९४५ मध्ये ज्यांच्या वतीने इतरांना बोलावे लागले, ते बत्तीस वर्षांनी स्वतःच्या वतीने बोलू लागले. गोदावरीबाईंच्या पुस्तकाच्या शीर्षकाचा हा उत्तरार्ध मानायला हरकत नाही.

पुढे दामोदर बारकू शिंगडा यांनी काँग्रेसतर्फे १९८०, १९८४, १९८९ आणि १९९१ अशा सलग चार निवडणुका जिंकल्या. १९९६ मध्ये भारतीय जनता पक्षाचे वकील चिंतामण वनगा, १९९८ मध्ये काँग्रेसचे शंकर सखाराम नम, १९९९ मध्ये पुन्हा वनगा, २००४ मध्ये पुन्हा शिंगडा. या यादीत राजा आहे, काँग्रेस आहे, लाल बावटा आहे, भगवा आहे. पक्ष बदलत राहिले, पण वादाचे विषय डोंगराचेच राहिले: जमीन, जंगल, आश्रमशाळा, रोजगार, आणि भूक. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तो याच मतदारसंघातला भाग.

मुंबईची शेपटी

आणि वसई? ती या यादीत नव्हती. १९७७ पासून वसईकर मुंबई उत्तर या लोकसभा मतदारसंघात मतदान करत होते. गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली आणि मग खाडी ओलांडून वसई. रेल्वेच्या वेळापत्रकावर रेष ओढावी तसा हा मतदारसंघ होता, आणि त्याला तर्कही तोच होता. वसई-विरारचा चाकरमानी सकाळी ज्या गाडीला लोंबकळत जात असे, ती गाडी याच क्रमाने धावत होती.

या काळातले वसईचे खासदार पाहिले तर त्यांत अख्ख्या मुंबईचे राजकीय चरित्र सापडते. १९७७ मध्ये मृणाल गोरे. गोरेगावच्या पाण्यासाठी लढल्या म्हणून त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी दिले होते. १९८० मध्ये जनता पक्षाचे रवींद्र वर्मा, जे मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री होते. १९८४ मध्ये काँग्रेसचे अनुपचंद शाह. १९८९ पासून १९९९ पर्यंत सलग पाच वेळा राम नाईक, जे रेल्वे राज्यमंत्री व पुढे पेट्रोलियममंत्री झाले. आणि २००४ मध्ये सुमारे अठ्ठेचाळीस हजारांच्या मताधिक्याने नाईकांना हरवणारा चित्रपट अभिनेता गोविंदा, ज्याचे बालपणच विरारमध्ये गेले होते.

या काळात वसईला दिल्लीत वजनदार आवाज होता, हे मान्य केले पाहिजे. लोकल गाड्या, रेल्वेचे रुळ, गॅसजोडण्या हे विषय उपनगराचे होते आणि वसईच्या रेल्वेपश्चिमेचेही होते. पण पूर्वेच्या पाड्यातल्या कातकऱ्याचा प्रश्न मालाड-कांदिवलीच्या मतदाराच्या कानी पडण्याचा संभव किती होता? वसई मुंबईची शेपटी झाली आणि वसईतली दुसरी वसई त्या शेपटीच्याही मागे राहिली. १९७७ ची गंमत पाहा. त्या एका वर्षी वसईने मृणाल गोरे यांना निवडले आणि शेजारच्या डहाणूने लहानू कोम यांना. दोघेही काँग्रेसविरोधी लाटेवर आले, दोघेही तळागाळातून चळवळीने घडलेले. तरीही एकाच तालुक्याच्या सीमेवर भेटणारे हे दोन मतदारसंघ एकमेकांना पाठ लावून उभे होते.

घरचा आमदार

लोकसभेत वसई असे दुसऱ्यांचे घर राखत असताना विधानसभेत मात्र तिचे स्वतःचे नाव होते. तेथील इतिहास वेगळ्या गतीने चालला. आरंभीचा मोठा कालखंड वर्तक घराण्याच्या प्रभावाचा. अण्णासाहेबांचे पुत्र हरी गोविंद तथा भाऊसाहेब वर्तक वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. पुढे ताराबाई वर्तक याही वसईच्या आमदार झाल्या. १९८५ मध्ये जनता पक्षाचे डॉमिनिक गोन्सालविस निवडून आले. स्थानिक ख्रिस्ती समाजातला, समाजवादी परंपरेतला माणूस वसईचा आमदार होणे हे तेथील सामाजिक घडणीशी सुसंगत होते.

मग जमिनीचा भाव वाढला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसई-विरारची शेतजमीन बांधकामाला मोकळी होऊ लागली. १९९० मध्ये सिडकोला या उपप्रदेशाचे नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. या लोंढ्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. आमच्या विद्यार्थ्यांना दिब्रिटो ठाऊक असतात ते ‘सुवार्ता’चे संपादक आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. त्यांच्या लेखनातील हिरवळ ही निव्वळ निसर्गवर्णनाची नव्हती; तिच्यामागे मोर्चे होते, हे सांगितल्याशिवाय तो लेखक शिकवणे अपुरे राहते. २०२४ च्या जुलैमध्ये दिब्रिटो गेले.

१९९० मध्ये हितेंद्र ठाकूर काँग्रेसच्या तिकिटावर प्रथम आमदार झाले आणि नंतर त्यांनी स्वतःची संघटना उभारली. तीच पुढे बहुजन विकास आघाडी. १९९५, १९९९ आणि २००४ मध्येही वसईने त्यांनाच निवडले. त्यांच्या दीर्घ प्रभावाचा अर्थ विरोधक एका शब्दात सांगतात आणि समर्थक दुसऱ्या. आमच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की राज्यव्यापी पक्षांच्या काळात एका तालुक्याने स्वतःचा पक्ष निर्माण केला. ज्या वसईला लोकसभेत सतत कोणाच्या तरी मतदारसंघाचे टोक व्हावे लागले, तिने आपला केंद्रबिंदू असा घरातच शोधला.

३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. गावांना हे मान्य नव्हते. त्या असंतोषावर स्वार होऊन त्याच वर्षी विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईचे आमदार झाले. येथे पुन्हा डोंगर आणि किनारा यांची गाठ पडते. पंडितांचे काम मूळचे तालुक्याच्या पूर्वेचे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेने तेथील वेठबिगारांना मुक्त केले होते, आणि त्या कामासाठी विवेक व विद्युल्लता पंडित यांना १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पुरस्कार मिळाला होता. वारली उठावानंतर चार दशके उलटली तरी मुंबईपासून लोकल गाडीच्या अंतरावर वेठ शिल्लक होती, हे त्या कामाने दाखवून दिले. वेठबिगारांसाठी लढलेला माणूस पश्चिमेच्या बागायती गावांचा आमदार झाला. शामराव परुळेकरांची १९५७ ची कथा वेगळ्या प्रमाणात पुन्हा घडली. २०१४ आणि २०१९ मध्ये ठाकूर परत आले. २०२४ च्या नोव्हेंबरात पंडितांच्या कन्या स्नेहा दुबे-पंडित यांनी भाजपतर्फे ठाकुरांना अवघ्या ३,१५३ मतांनी हरवले.

२००८ ची शिवण

आता मूळ धाग्याकडे वळू. १९७६ च्या घटनादुरुस्तीने लोकसभेतील राज्यांच्या जागा गोठवल्या होत्या आणि १९७१ च्या जनगणनेवर बेतलेले मतदारसंघ तीन दशके तसेच राहिले. २००१ च्या ८४व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठलेलीच ठेवली; मात्र राज्यांतर्गत सीमा नव्याने आखण्याची मुभा मिळाली आणि त्यासाठी २००१ ची जनगणना आधार ठरली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाच्या या पुनर्रचनेत डहाणू हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले. पालघर नावाचा, अनुसूचित जमातींसाठी राखीव असा मतदारसंघ जन्मला. त्यात विधानसभेचे सहा भाग: डहाणू, विक्रमगड, पालघर व बोईसर हे चार राखीव, आणि नालासोपारा व वसई हे दोन खुले. म्हणजे द्विसदस्य मतदारसंघात एकत्र असलेले आणि नंतर विलग झालेले डोंगर व किनारा पुन्हा शिवले गेले. फरक एवढाच की आता खासदार एकच होता.

२००९ च्या पहिल्याच निवडणुकीत या शिवणीचा अर्थ उघड झाला. डहाणूचे तीन माजी खासदार रिंगणात होते: मार्क्सवादी लहानू कोम, काँग्रेसचे दामोदर शिंगडा, भाजपचे चिंतामण वनगा. तिघेही हरले. बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव १२,३६० मतांनी विजयी झाले. जाधव आदिवासी होते, राखीव जागेची अट पूर्ण होत होती. परंतु त्यांच्या पक्षाचा पाया वसई-विरारमध्ये होता. तीन दशके डोंगराने ज्यांना घडवले, पारखले, कधी नाकारले, ते तीन पक्षांचे तीन जाणते एका बाजूला आणि किनाऱ्यावरील एका तालुक्याचा पक्ष दुसऱ्या बाजूला. यात कोणाचा दोष नव्हता. रेषेने आपले काम केले होते.

त्यानंतरचा क्रम वेगाने सांगता येईल. २०१४ मध्ये वनगा दोन लाख एकोणचाळीस हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. ३० जानेवारी २०१८ रोजी वनगांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र श्रीनिवास वनगा शिवसेनेकडून उभे राहिले आणि काँग्रेसमधून नुकतेच भाजपमध्ये आलेले राजेंद्र गावित यांनी त्यांचा पराभव केला. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, युतीच्या वाटणीत जागा शिवसेनेकडे गेली तेव्हा उमेदवारही जागेबरोबर गेला. तेच गावित शिवसेनेचे खासदार झाले. २०२४ मध्ये भाजपचे डॉ. हेमंत सवरा सुमारे एक लाख त्र्याऐंशी हजारांच्या फरकाने जिंकले. त्यांचे वडील विष्णू सवरा राज्याचे आदिवासी विकासमंत्री होते. जुन्या डहाणूत पक्ष बदलले तरी माणसे आणि त्यांची भूमिका स्थिर असे. नव्या पालघरमध्ये माणसे पक्षांमधून ये-जा करू लागली. याला सर्वस्वी मतदारसंघाची रचना जबाबदार आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण हे सर्व महाराष्ट्रातच घडत होते.

नळ आणि धरण

आकड्यांकडे एकदा नीट पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २९ लाख ९० हजार. त्यांत अनुसूचित जमाती सुमारे ३७ टक्के. आठ तालुक्यांपैकी एकट्या वसई तालुक्यात १३ लाख ४३ हजार माणसे, म्हणजे जिल्ह्याच्या जवळजवळ ४५ टक्के. राखीव जागेचा हेतू असा की ज्यांचा आवाज गर्दीत बुडतो त्यांना संसदेत जागा मिळावी. जागा मिळाली, पण ती कोणत्या आदिवासी माणसाला द्यायची, हे ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा नालासोपाऱ्याच्या इमारतींचा झाला. त्या इमारतींतला मतदारही सुखवस्तू नाही. मुंबईत घर परवडले नाही म्हणून तो येथे आला, आणि त्याला सर्वांत आधी पाणी हवे आहे.

आणि पाणी कोठून येते? वसई तालुक्याची उसगाव आणि पेल्हार ही जवळची धरणे केव्हाच अपुरी पडली. मोठा आधार सूर्या प्रकल्पाचा. वैतरणेला मिळणाऱ्या सूर्या नदीवर, विक्रमगड तालुक्यात, धामणीचे धरण आहे. डोंगरातल्या आणि त्याच्या पायथ्याच्या शेतीला पाणी मिळावे यासाठी ते आखले गेले. पुढे तेच पाणी नळांनी किनाऱ्याकडे निघाले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या योजनेत रोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याचा हिशेब आहे: १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. आदिवासी शेतकऱ्यांच्या संघटनांनी या वाटपाला विरोध केला. नालासोपाऱ्यातल्या गृहिणींनी हंडा मोर्चे काढले. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न राजकीय आहे.

आमच्या मते या दीर्घ इतिहासाचा मुद्दा येथे सापडतो. २००९ पूर्वी धरणाचा खासदार एक होता आणि नळाचा दुसरा. त्यांचे भांडण होऊ शकत होते. ते संसदेत, वर्तमानपत्रांत, उघड्यावर होऊ शकत होते. ते पुरेसे झाले की नाही हा वेगळा विषय. २००९ नंतर दोन्ही बाजूंना एकच प्रतिनिधी मिळाला. धामणीच्या पायथ्याशी उभा राहून तो पाणी राखण्याचे वचन देतो आणि विरारच्या सभेत पाणी वाढवण्याचे. कोणताही पक्ष, कितीही प्रामाणिक माणूस असला तरी त्याला दोन्ही वचने द्यावीच लागतात. दोन प्रतिनिधींमधला वाद एका प्रतिनिधीच्या पोटात गेला की तो दिसेनासा होतो. मतदारसंघाची रेषा कोण जिंकणार हे जितके ठरवते, त्याहून अधिक कोणते भांडण ऐकू येणार हे ठरवते.

मग तोडगा काय, असे कोणी विचारील. वसईला वेगळे काढून पुन्हा शहरी मतदारसंघात टाकावे? तसे झाल्यास डोंगराला आपला आवाज परत मिळेल, हे खरे. पण तालुक्याच्या पूर्वेचे पाडे पुन्हा मुंबईच्या शेपटीमागे जातील. आजही त्यांतला काही भाग बोईसर विधानसभेत गेला आहे तो याच अडचणीमुळे. द्विसदस्य मतदारसंघ परत येणार नाहीत. परंतु एकाच मतदाराला डोंगर आणि किनारा या दोहोंविषयी दोन वेगळ्या मतांनी बोलू देणारी ती व्यवस्था आपण किती सहज मोडीत काढली, याचा फेरविचार अभ्यासकांनी जरूर करावा. पुढची आखणी जेव्हा होईल तेव्हा २००१ नंतर वाढलेली वसई-विरारची गर्दी त्या नकाशावर प्रथमच पूर्णपणे उमटेल. त्या वेळी हा इतिहास कोणाच्या तरी हाताशी असावा.

एक वर्गातला प्रसंग सांगून थांबतो. मागे एकदा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ शिकवत असताना नालासोपाऱ्याच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, हा भाग नक्की कुठे आहे?” आम्ही नकाशा काढण्याच्या आधीच मागच्या बाकावरून, विक्रमगडकडून रोज गाडी बदलत येणारी एक मुलगी म्हणाली, “तुझ्याकडे पाणी येतं ना, तिथेच.” वर्ग हसला, तीही हसली. त्या दोघांचा खासदार तेव्हाही एकच होता. दोघांपैकी कोणालाच त्याचे नाव सांगता आले नाही.